एका गिऱ्हाइकाचं लॉज

भट्टीवाल्याच्या थोरल्या सुनेला जुळं झालं त्या वर्षी सुरू झालेली ही गोष्ट. दोन्ही मुलगे, दोघांचेही घसे खणखणीत, आणि दोघांत असा समझोता की एकाचा डोळा लागला की दुसऱ्याने सूर लावायचा. घरातली माणसं दिवसा भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलक्या घ्यायची. अशा घरातून महिन्याला दोन रात्री बाहेर झोपायला मिळणं ही चैनच होती, आणि ती भट्टीवाल्याच्या वाट्याला आली होती. त्याच्या फेऱ्यांचा कुणाला संशय आला नाही तो यामुळेच. हेवा मात्र सगळ्यांना वाटायचा.

भट्टीवाला बेकऱ्यांच्या विटांच्या भट्ट्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा. कुणाचा नोकर नाही, स्वतःच धनी आणि स्वतःच गडी. या कामाची एक खोड आहे. भट्टी आज विझवली म्हणून आजच आत शिरता येत नाही. रात्रभर तिला निवू द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून पोटावर सरपटत आत जायचं, सैल विटा काढायच्या, नव्या बसवायच्या, आणि मग पुन्हा रात्रभर मंद आच देऊन ओल काढायची. घाई केली की कमान तडकलीच म्हणून समजा. तेव्हा भट्टी परगावची असली की मुक्काम आलाच. मुक्काम म्हणजे लॉज, लॉज म्हणजे पावती, पावती म्हणजे धंद्याचा खर्च, आणि धंद्याचा खर्च दाखवला की कर तेवढा कमी. हे सगळं त्याला सुनेने शिकवलं होतं. त्याचे कराचे कागद तीच भरायची, एक बाळ खांद्यावर आणि दुसरं मांडीवर घेऊन.

नदीपलीकडच्या गावात एक जुनी बेकरी होती. तिच्या भट्टीसाठी तो वर्षानुवर्षं जायचा आणि बसस्टँडसमोरच्या लॉजवर उतरायचा. तिथल्या चादरीवर आधीच्या पाहुण्याची आठवण शिल्लक असायची. त्याच गावात त्याची थोरली बहीण राहायची. इस्पितळाच्या धुलाईघरात तिने सारी उमर घालवली होती. मेव्हणे गेल्यावर ती एकटी पडली, आणि एकटी पडली असं जो कोणी म्हणेल त्याची तिने धूळधाण करायला सुरुवात केली.

मेव्हण्यांचा पुतण्या एकदा पिशवीभर भाजी घेऊन गेला होता. ताईने पिशवी दारातूनच जिन्यावरून खाली सोडली. बटाटे तिसऱ्या घरापर्यंत घरंगळत गेले. तो पुन्हा कधी त्या जिन्याकडे फिरकला नाही. तिनेही त्याला कधी बोलावलं नाही. एक नणंद नुसतीच भेटायला गेली, हात हलवत, तर तिला म्हणाली, "बघायला आलीस? मी काय प्राणिसंग्रहालयात आहे? तिकीट काढलंस का?" तीही त्यानंतर गेली नाही.

भट्टीवाला धाकटा असला तरी बहिणीला ओळखून होता. तो पिशवी घेऊन गेला नाही आणि हात हलवतही गेला नाही. हत्यारांची पेटी घेऊन गेला आणि दारातच म्हणाला, "लॉज भरलंय. एक रात्र टेकू दे."

"लॉजवाल्याला काय देतोस?" ताईने विचारलं.

त्याने सांगितलं.

"तेवढेच मला दे. चादर धुतलेली मिळेल. आणि फुकट राहिलास असं गावभर सांगत फिरू नकोस."

झालं, ठरलं. ताईने बाजारातून पावतीपुस्तक आणलं, त्यावर शिक्का मारून घेतला. एकेक पावती म्हणजे वाचण्यासारखी चीज असायची. 'एक रात्र. एक खाट. एक उशी. दुसरी उशी मागितली, दिली नाही.' 'चहा दोन वेळा. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा दूध संपलं असं सांगितलं.' सून ती पावती हातात घेऊन इतकी हसायची की मांडीवरचं बाळ जागं व्हायचं.

संध्याकाळी दोघं पत्ते खेळायची. ताई पत्ते लपवायची, तो ओरडायचा, ती म्हणायची, "ठोंब्या, लहानपणीही रडायचास, आताही रडतोस." मग लहानपणी वडिलांचं घड्याळ कुणी पाण्यात बुडवलं यावर भांडण. साठीच्या पुढची दोन माणसं, पण ते घड्याळ अजून बाहेर निघालं नव्हतं.

अशात बेकरीवाल्याने विटांची भट्टी पाडली आणि काचेच्या दाराची, कपाटासारखी दिसणारी विजेची भट्टी आणली. बटण दाबलं की तापली, सोडलं की निवली. भट्टीवाल्याचं त्या गावातलं काम संपलं. संपलं म्हणजे कायमचं.

हे ताईला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. सांगितलं असतं तर पुढच्या खेपेला 'का आलास?' हा प्रश्न आलाच असता, आणि त्याला एकच उत्तर होतं, जे ताईच्या जिन्यावरून बटाट्यांसारखं खाली आलं असतं. ताईने त्या बेकरीचं तोंड बघणं सोडलं होतं, पावात सुतळी निघाली या कारणावरून. ती त्या रस्त्यानेही जात नसे. म्हणून त्याने तोंड बंद ठेवलं. दर महिन्याला पेटी घेऊन यायचा. दिवसभर वाचनालयात पंख्याखाली बसायचा, नाहीतर न्हाव्याच्या दुकानात दुसऱ्यांचे केस कापताना बघत बसायचा. पेटीत त्याने विटेच्या भुकटीची एक पुडी ठेवली होती. संध्याकाळी जिना चढण्याआधी चिमूटभर बाह्यांना चोळायचा, चिमूटभर कपाळाला.

"झालं का काम?" ताई विचारायची.

"ओल आहे अजून."

"मेल्या, कसली भट्टी बांधतोस, सदा ओलीच," असं म्हणून ती त्याचा शर्ट धुवायला टाकायची आणि पावतीवर धुलाई लावायची.

दोन वर्षं हे असं चाललं. पावत्या तो सुनेला देत राहिला, कारण ताई दर वेळी विचारायची, "गेल्या वेळची पावती सरकारला दाखवलीस ना? माझं लॉज कायदेशीर आहे, सांगून ठेवते." ते इतकं कायदेशीर होतं की ताईने स्वतःच्या कागदात 'व्यवसाय : लॉज' असं लिहून आपली कमाई सरकारला इमानेइतबारे कळवली होती. आणि तिथेच माशी शिंकली. कर कचेरीतल्या कुणाच्या तरी नजरेत आलं की गावात एक लॉज आहे, त्याला खोली एक, खाट एक आणि गिऱ्हाईकही एकच.

दोघांना एकाच दिवशी बोलावणं आलं.

कर कचेरी ताईच्याच गावात होती. अधिकारी बाई मध्यमवयीन, सर्दीने हैराण, नाकाला रुमाल. भट्टीवाला आणि ताई समोरच्या खुर्च्यांवर बसले. ताईने इस्त्रीची साडी नेसली होती आणि पावतीपुस्तक मांडीवर धरलं होतं.

"या तुमच्या कोण?" बाईंनी विचारलं.

"लॉजवाल्या," भट्टीवाला म्हणाला.

"थोरली बहीण," ताई म्हणाली. "पण रात्रीपुरती लॉजवाली."

बाईंनी नाक पुसलं. "नियम सोपा आहे. कामासाठी परगावी राहावं लागलं तर राहण्याचा खर्च धंद्यात धरता येतो. पण निव्वळ कामासाठीच हवं. कामाच्या निमित्ताने नातेवाइकांना भेटायचं, चार दिवस मजेत घालवायचे, असं असेल तर नाही चालत."

"मजेत?" भट्टीवाल्याला एकदम धीर आला. "बाई, तुम्ही तिच्या खाटेवर झोपून बघा. मधली पट्टी तुटलेली आहे. उशी म्हणजे वीट. मी विटांमध्ये जन्म काढला, मला फरक कळतो."

"खोटं!" ताई म्हणाली. "उशी कापसाची आहे. आणि हा घोरतो त्याचे मी पैसे लावत नाही."

"म्हणजे तुम्हाला यांच्या येण्याचा आनंद होत नाही?"

"आनंद?" ताई म्हणाली. "हा येतो, खातो, पत्त्यांत हरतो आणि रडतो. आनंद कशाचा?"

"आणि तुम्हाला?"

"तिला भेटायला कोण आपल्या पायांनी जाईल, बाई?" भट्टीवाला म्हणाला. ताईने मान हलवून दुजोरा दिला. प्रकरण चांगलं रंगात आलं होतं. खर्च मंजूर होऊन वर चहाही मिळेल असं वाटण्याची वेळ आली होती.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि काम कुठलं? बेकरीच्या भट्टीचं ना? मी पाव तिथलाच घेते. ती भट्टी पाडून दोन वर्षं झाली."

भट्टीवाल्याचा धीर सुटला. करामुळे नव्हे. कर काय, भरता येतो. दंडही भरता येतो. शेजारच्या खुर्चीवरची साडी जराही हलली नाही याची त्याला भीती वाटली. ताई आता सगळं जुळवत असणार. दोन वर्षं, बाह्यांची धूळ, ओली भट्टी. आता ही उठेल, पावतीपुस्तक माझ्या डोक्यात घालेल, आणि आजपासून आपणही पुतण्याच्या रांगेत.

"माझी भट्टी," ताई म्हणाली.

"काय?" बाई म्हणाल्या.

"परसात आहे माझी भट्टी. हा तिचं काम करतो."

भट्टीवाल्याने बहिणीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"दोन वर्षं?"

"हात संथ आहे त्याचा."

बाई शिंकल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. सोमवारी येऊन बघते."

दोघं रस्त्याला लागली. ताई पुढे, तो मागे. तिने तसेच दोन चौक ओलांडले. मग थांबली, वळली आणि म्हणाली, "अहो, विटा कुठे मिळतात?"

'अहो' ऐकून त्याला घाम फुटला. ताईने जन्मात त्याला 'अहो' म्हटलं नव्हतं. "ताई, अगं ऐक—"

"मला ऐकायचं नाही. परक्या बाईसमोर तुम्हाला खोटं पडू दिलं नाही, ते घरची अब्रू म्हणून. दोन वर्षं तुम्ही मला भीक घातली आणि मी शिक्का मारून पावत्या दिल्या. हसला असाल घरी सगळे."

"कुणी हसलं नाही," तो म्हणाला, आणि सुनेची आठवण येऊन जीभ चावली. "पावत्यांवर हसलो. तुझ्यावर नाही."

"सोमवारपर्यंत भट्टी हवी. त्यानंतर पेटी उचला आणि चालू लागा. माझं लॉज बंद."

विटा बेकरीच्या मागेच पडल्या होत्या, पाडलेल्या भट्टीच्या, गवत उगवलेल्या. काळ्याठिक्कर, चांगल्या भाजलेल्या. बेकरीवाला म्हणाला, न्या, माझी जागा मोकळी होईल. दोघांनी हातगाडी केली. ताई त्या रस्त्याने कितीतरी वर्षांनी गेली, पण बेकरीवाल्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पाठमोरीच विटा गाडीत टाकत राहिली.

छोटी भट्टी बांधायची रीत अशी. खाली ओटा घालायचा, त्यावर ओल्या वाळूचा घुमटाच्या आकाराचा ढीग थापायचा आणि त्या ढिगावर विटा रचत यायच्या. कमान धरली की तोंडातून वाळू उकरून काढायची. आत पोकळी राहते. ताईने वाळू चाळली, माती मळली. धुलाईघरात चादरी पिळलेले हात होते ते, मातीला ते बधले नाहीत. बोलणं मात्र सगळं परक्यासारखं.

"अहो कारागीर, पाणी हवं का?"

"ताई, नको ना असं बोलू."

"गिऱ्हाइकाशी अदबीनेच बोलावं लागतं. जेवायला बसा. आज पावती मिळणार नाही."

तो खाली मान घालून जेवायचा. पत्ते फडताळातच राहिले. संध्याकाळी ती एका खोलीत, तो दुसऱ्या खोलीत. तुटक्या पट्टीची ती खाट त्याला पहिल्यांदाच खरोखर टोचली.

रविवारी वाळू काढायची होती. भट्टीचं तोंड अरुंद, त्याचे खांदे रुंद, आणि वयही झालेलं. तो अर्धा आत गेला आणि तिथेच अडकला. पुढे जाईना, मागे येईना. नाकातोंडात वाळू. बाहेर ताई त्याच्या दोन पायांकडे बघत उभी.

"ओढ!" आतून आवाज आला.

"कुणाला सांगता?"

"ताई, ओढ गं! कमान अंगावर येईल!"

मग ताईने त्याचे दोन्ही पाय धरले आणि ओल्या चादरीसारखा हिसका दिला. तो बाहेर आला, पण विजार आतच राहू बघत होती. त्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि वाळूत तसाच बसला. ताई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आधी नुसते तिचे खांदे हलले. मग तिने तोंडावर पदर धरला, पण आवाज सुटलाच. "ठोंब्या," ती म्हणाली, "मेल्या ठोंब्या, तुला भट्टीवाला कोण म्हणतं?" आणि उरलेली वाळू तिने स्वतः आत वाकून काढली, कारण ती बारीक होती.

सोमवारी बाई आल्या तेव्हा ओल काढायला वेळ उरला नव्हता. ताईने घाईघाईत भरपूर लाकूड घातलं होतं. भट्टीवाला नको म्हणत असतानाच ती तापली होती, सांध्यासांध्यातून वाफ निघत होती. बाईंनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. विटा जुन्या, काजळी जुनी. मग त्यांनी दोन विटांमध्ये बोट घातलं. बोट आत गेलं. बाहेर काढलं तर चिखलाने माखलेलं. त्याच वेळी आतून 'टक्क' असा आवाज आला आणि कमानीला वरपासून खालपर्यंत एक चीर गेली.

बाईंनी रुमालाला बोट पुसलं.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या.

"हात संथ आहे, म्हटलं होतं मी," ताई म्हणाली.

बाई पायरीवर बसल्या. ताईने चहा दिला, तो त्यांनी घेतला. मग म्हणाल्या, "बेकरीची भट्टी होती तोपर्यंतचा मुक्काम मंजूर. बहिणीकडे राहिलात तरी काम खरं होतं. त्यानंतरचा सगळा नामंजूर. भट्टी असो वा नसो. ज्याचं काम त्याच्याच घरी झोपायचं आणि त्यालाच भाडं द्यायचं, असा कारागीर मी अजून पाहिला नाही. कर भरा, दंड भरा."

"भरतो," भट्टीवाला म्हणाला.

"बरं झालं," ताई म्हणाली. "म्हणजे माझ्या लॉजच्या कमाईवरचा करही गेला."

"नाही. तुम्हाला पैसे मिळाले, ती तुमची कमाई. त्यावर कर आहे."

ताईचा आवाज चढला. "म्हणजे त्याने दिले ते खर्च नाही, पण मला मिळाले ती कमाई?"

"हो."

"वा! म्हणजे मध्ये रस्त्यात पैशाने जात बदलली!"

बाईंना हसू आलं, पण सर्दीमुळे ते शिंकेसारखं निघालं. चहा चांगला होता म्हणाल्या आणि गेल्या.

परसात दोघंच उरली. भट्टीवाल्याने थापी पुसली, ओळंबा गुंडाळला, सगळं पेटीत घातलं. पेटी बंद करायला मात्र त्याने फार वेळ लावला. आता ना बेकरी होती, ना लॉज. पुढच्या महिन्यात तो या जिन्यावर कुठल्या तोंडाने येणार? 'तुला भेटायला येतो' हे तीन शब्द त्याच्या ओठांवर आले आणि समोर बटाटे दिसले.

"पैसे मी परत देणार नाही," ताई म्हणाली. "मी खाट दिली, तू झोपलास, घोरलास. ते माझ्या हक्काचे आहेत."

"मागितले कुणी?"

"पण यापुढे एक पैसा घेणार नाही. लॉज बंद म्हणजे बंद."

"हो," तो म्हणाला आणि पेटी उचलली.

"चाललास कुठे? या चिरेचं काय?"

त्याने भट्टीकडे पाहिलं. "ती आता पूर्ण निवल्याशिवाय हात लावता येणार नाही."

"ते मला कळत नाही का? आता माझ्या दारात भट्टी आहे, ती चिरलेली आहे, तर मला कारागीर लावावा लागणार. या गावात दुसरा कोणी नाही. दिवसाचे किती घेतोस?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने नेहमीचा भाव सांगितला. एक पैसाही कमी केला नाही.

"दरोडेखोर आहेस."

"परवडत नसेल तर राहू दे."

"कोण म्हणतं परवडत नाही? पुढच्या महिन्यात ये. दोन दिवसांचं काम असेल ना?"

"दोनाचं आहेच. ओल निघेपर्यंत थांबावं लागेल."

"आणि झोपणार कुठे?"

"कारागिराची सोय गिऱ्हाइकाने करायची असते. असा रिवाज आहे धंद्यात."

"उशी एकच मिळेल," ताई म्हणाली.

तेव्हापासून तो दर महिन्याला जायचा. चीर बुजवायचा, ताई घाई करून लाकूड जास्त घालायची, चीर पुन्हा जायची. ती त्याला दिवसाची मजुरी मोजून द्यायची आणि घेतल्याची सही करून घ्यायची. सून ती कमाई त्याच्या कागदात मांडायची आणि त्यावर कर भरायची. भट्टीत ताई पाव भाजायला शिकली. पाव इतका कडक की शेजारीपाजारी घ्यायचे आणि गुपचूप भिजवून खायचे. ती म्हणायची, निदान सुतळी तर नाही निघत.

ताई वारली ती त्यानंतरच्या पाचव्या वर्षी, थंडी सरताना, गुरुवारी सकाळी. भट्टीवाला तिच्यामागे तीन वर्षांनी गेला, पावसाळ्यात, रविवारी दुपारी.